मानवाधिकार ही काय डाव्यांची जहागीर नाही

परवा घरच्या ग्रुपवर परत तेच. कुठल्यातरी एन्काउंटरची बातमी आली आणि विश्रामबागचा आमचा मामेभाऊ, म्हणजे दादा, लिहितो, "मानवाधिकारवाले म्हणजे गुन्हेगारांचे वकील, आपल्या संस्कृतीत असली थेरं नव्हती." खाली अंगठ्यांची रांग.

मी बर्मिंगहॅमला राहतो, इथं पण हेच चाललंय. बोटीतून येणाऱ्या लोकांना परत पाठवताना कोर्ट आडवं येतं म्हणून 2025 च्या ऑक्टोबरात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं जाहीर केलं की सत्तेत आलो तर युरोपच्या मानवाधिकार करारातून बाहेर पडणार. पण 1950 चा हा करार लिहिण्यात पुढे कोण होता, तर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ, ह्याच पक्षाचा खासदार, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझींची उलटतपासणी घेतलेला वकील. सरकार बेफाम सुटलं की काय होतं हे त्यानं जवळनं बघितलेलं. सरकारच्या हातात जास्त सत्ता नको, हे तर परंपरावाद्यांचंच जुनं म्हणणं ना?

आणि आपल्याकडं? आमच्या आळीतले तात्या कट्टर संघाचे, आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या जेलात होते. का धरलं तेसुद्धा घरच्यांना कोणी सांगितलं नव्हतं. 1976 ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जाताच येणार नाही, विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. मग 1978 ला जनता सरकारनं 44 वी घटनादुरुस्ती केली, आणीबाणी असली तरी जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही म्हणून. त्या सरकारात जनसंघातनं आलेले वाजपेयी, अडवाणी मंत्री होते.

रूढी जपा, देवधर्म करा, माझं काही म्हणणं नाही, मी पण इथं गणपती बसवतो. पण हे हक्क परके आहेत म्हणणं मला पटत नाही, तात्यांच्या पिढीनं ते जेलात बसून कमावलेत.

दादा, 2017 ला आपल्याच सांगलीत लुटमारीच्या आरोपाखाली धरलेल्या पोराला पोलिसांनी कोठडीत मारलं, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि तो पळून गेला असं सांगितलं. तेव्हा तूही चिडला होतास. त्याच्यावरचा आरोप कोर्टात सिद्ध झालेला नव्हता आणि एन्काउंटरमध्ये मेलेल्याचाही झालेला नसतो, मग एकाला हळहळायचं आणि दुसऱ्याला अंगठा द्यायचा हे कशाच्या जोरावर, तेवढं सांग.