झाकलेले चेंबर सव्वा लाखाचे

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला मान कधी मिळतो हे मला अद्याप समजलेले नाही, परंतु त्याची आठवण कधी होते हे मात्र पक्के ठाऊक झाले आहे. तळमजल्यावरच्या नहाणीत, त्या घरात कोणीही नळ सोडलेला नसताना, वरच्या मजल्यांवरच्या साबणाचा फेस आणि पाठोपाठ त्याहून नको ते वर येऊ लागले, की सचिवाच्या दारावरची घंटा वाजते. मुंबईच्या उपनगरातील आमच्या चार मजली इमारतीवर हा प्रसंग ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ओढवला. तळमजल्यावरचे काका मेंटेनन्सची पावती हातात घेऊनच आले होते. "अहो सेक्रेटरी, पैसेही मीच भरायचे आणि बादल्याही मीच भरायच्या का?" हा त्यांचा प्रश्न इतका बिनतोड होता, की मी चपला शोधण्याचे निमित्त करून आत गेलो.

इमारतीत जमलेल्या मंडळींचे पहिले आणि एकमुखी मत असे पडले, की हे काम पालिकेचे आहे. पाण्याच्या बिलात पाणीपट्टीच्या ७० टक्के इतका मलनिःसारण आकार आपण भरतो, तेव्हा आपला मैला ही आता पालिकेची मालमत्ता आहे, असा युक्तिवाद दुसऱ्या मजल्यावरच्या वकील भगिनींनी केला. वॉर्ड ऑफिसातील कर्मचाऱ्याने मात्र सगळे शांतपणे ऐकून घेऊन एकच विचारले, "चेंबर कुंपणाच्या आतलं की बाहेरचं?" मालकी हक्काचा एवढा नेमका प्रश्न मला फ्लॅट विकत घेतानाही कोणी विचारला नव्हता. रस्त्याखालची मुख्य वाहिनी पालिकेची असते, पण घरापासून त्या वाहिनीला मिळेपर्यंतची वाट इमारतीने राखायची असते. तुंबारा कोणाचा हे ठरवण्याची रीतही सोपी आहे. फाटकाजवळचे शेवटचे चेंबर आणि रस्त्यावरचे मॅनहोल अशी दोन्ही झाकणे उघडून पाहायची. दोन्ही तुडुंब असली तर पालिकेकडे बोट दाखवायचे, आणि आतले भरलेले असून बाहेरचे वाहते असले तर ते बोट गुपचूप खिशात घालायचे. पालिकेच्या माणसांनी रस्त्यावरचे झाकण उचलले, तेव्हा आमची अख्खी कार्यकारिणी भोवती उभी राहून, आत घाण तुंबलेली असावी अशी मनोमन प्रार्थना करीत होती. आत पाणी झुळझुळ वाहत होते.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. पाण्याला पंप लागतो, मैल्याला नुसता उतार लागतो, हे त्यांनी त्या दिवशी आम्हाला फाटकात उभे करून शिकवले. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट उतार द्यावा, हा जुना आडाखा त्यांना तोंडपाठ आहे. उतार कमी पडला की पाणी पुढे निघून जाते आणि घट्ट ऐवज मागे बसून राहतो. म्हणून वाहिनीतील पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग मिळावा, म्हणजे ती स्वतःच स्वतःला धुऊन काढते, अशी आखणी केलेली असते. वाहिनी कधी काठोकाठ भरून वाहणेही अपेक्षित नसते, कारण वरच्या रिकाम्या जागेतून हवा खेळावी लागते. काकांच्या नहाणीत मुक्कामाला आलेले हे पाणी एरवी उताराउताराने उदंचन केंद्राकडे, म्हणजे पंपिंग स्टेशनकडे, गेले असते. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात विभागांत मुंबईची मलनिःसारण व्यवस्था वाटलेली आहे. खोल गेलेले पाणी अशा केंद्रांत पंपाने वर उचलतात, गाळतात, शुद्ध करतात आणि मगच खाडीला किंवा समुद्राला सोपवतात. वरळी आणि वांद्रे येथे तर त्यासाठी समुद्रतळाखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदे नेलेले आहेत. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेले आमचे सांडपाणी स्वतःच्या फाटकाबाहेरही पडू शकले नव्हते.

एव्हाना आमच्या वॉचमनने दोन माणसे आणि एक दोर असा बंदोबस्त करून ठेवला होता. "आत उतरतील, साहेब, जेटिंग मशिनच्या निम्म्या पैशांत होईल," असे तो म्हणाला, आणि खजिनदारांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातले पहिले समाधान उमटले. येथे मात्र मी सचिवपदाचा आवाज काढला. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवणे हा हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात उतरलेल्या माणसाच्या मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. चेंबरात साचणारा हायड्रोजन सल्फाइड आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो. हे सारे सांगूनही खजिनदारांचा जीव निम्म्या रकमेतच अडकलेला दिसला. तेव्हा, उतरायचेच असेल तर कार्यकारिणीतील ज्येष्ठ सदस्याने प्रथम उतरावे, अशी सूचना मी मांडली आणि जेटिंग मशिन एकमताने मंजूर झाले.

या यंत्राच्या नळीच्या तोंडाला मागच्या बाजूला वळलेली बारीक भोके असतात. त्यांतून जोराने सुटणाऱ्या पाण्याच्या धारांवर नळी स्वतःच वाहिनीत पुढे सरकत जाते, आणि ओढून घेताना वाटेतला सगळा ऐवज चेंबरात आणून टाकते. त्या ऐवजाचे वर्णन मी शक्य तितक्या सभ्यपणे करतो. सॅनिटरी पॅड होते, पाकिटावर 'फ्लश करता येते' असे लिहिलेले वेट वाइप्स होते, कानातल्या कापसाच्या काड्या होत्या, देवपूजेचे निर्माल्य होते आणि फरशी पुसण्याचे एक संपूर्ण फडके होते. या सर्वांना एकत्र धरून ठेवणारा पांढुरका घट्ट लगदा म्हणजे सिंकमध्ये ओतलेले तळणाचे तेल. गरम असताना ते निमूट निघून जाते आणि पाइपात थंड झाले की तेथेच ठाण मांडते. लंडनमध्ये २०१७ साली सुमारे १३० टन वजनाचा असाच गोळा सापडला होता, असे अभियंते म्हणाले. त्यावर आपण अजून त्या पातळीला गेलेलो नाही, असा दिलासा एका सदस्याने सर्वांना दिला.

हे फडके कोणाचे, या प्रश्नावर अंगणात इतकी शांतता पसरली की वरच्या एका घरातला फ्लश स्पष्ट ऐकू आला. माझा स्वतःचा संशय शास्त्रशुद्ध होता. इमारतीत पाइप उभे जातात, त्यामुळे १०१, २०१, ३०१ आणि ४०१ यांची लाइन एकच असते आणि आरोपींची संख्या आपोआप चारवर येते. तपास या टप्प्यावर आला असताना चारही घरांनी आपापल्या मोलकरणींवर ठपका ठेवला. चौघींपैकी एकही तेथे हजर नव्हती, आणि न्यायदानाची ही पद्धत मला तरी फारशी पटली नाही.

अभियंत्यांनी जाता जाता आणखी एक पाप उघड केले. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप कोणा जुन्या कार्यकारिणीने सरळ याच चेंबरात सोडून ठेवला होता. मुंबईत पर्जन्यजलवाहिन्या वेगळ्या असतात; मैल्याच्या वाहिनीला जुलैचा पाऊस पेलत नाही, आणि पाणी मग सर्वांत खालचे भोक शोधते, म्हणजे काकांची नहाणी. अशा वेळी रस्त्यावरचे मॅनहोल उघडून पाण्याला वाट करून देण्याची उबळ अनेकांना येते, परंतु साचलेल्या गढूळ पाण्याखाली उघडे पडलेले ते तोंड चालणाऱ्याला दिसत नाही आणि या शहरात त्यात माणसे गेलेली आहेत. ३०२ मधून येणाऱ्या दुर्गंधीचे कारण मात्र साधे निघाले. ते कुटुंब मुलाकडे अमेरिकेला असल्याने नहाणी ट्रॅपमधले, वायू अडवून धरणारे दोन इंच पाणी सुकले होते, आणि शेजाऱ्यांकडच्या किल्लीने दार उघडून तांब्याभर पाणी ओतताच वास थांबला.

पुढच्या सभेत सूचनाफलकावर काय लिहावे यावर दीर्घ चर्चा झाली. पॅड हा शब्द अशोभनीय आहे असे काहींचे म्हणणे पडले, निर्माल्याचा उल्लेख केल्यास भावना दुखावतील असे इतरांना वाटले, आणि अखेर 'नको त्या वस्तू टाकू नयेत' एवढाच मजकूर संमत झाला. पावसाळ्यापूर्वी दर वर्षी जेटिंग करून घ्यावे आणि खर्च सर्व घरांत समान वाटावा, हा ठराव वाचला जाताच चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. "आमचं तर वरून एवढ्या वेगानं जातं, की तुंबायचा प्रश्नच येत नाही," असे ते म्हणाले. "तो वेग आम्ही खाली बसून अनुभवला आहे," असे काका उत्तरले, आणि हे वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवून घेण्याचा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.