रटगर्सला घेतलं ते केबलसाठी

अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) सामना १८६९ साली न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने खेळला, हे खरं. पण २०१४ मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने) त्यांना त्या इतिहासासाठी घेतलं नाही, न्यू यॉर्क-न्यू जर्सीतल्या केबलच्या बिलासाठी घेतलं. कॉन्फरन्सचं स्वतःचं चॅनल आहे. राज्यात आपला संघ आला की केबल कंपन्यांकडे दर घरामागे जास्त पैसे मागता येतात, मग त्या घरात मॅच कोणी बघो न बघो. मेरीलँड विद्यापीठही याच हिशेबात आलं. आता लोक केबल सोडताहेत, आणि २०२४ मध्ये बिग टेनमध्ये आलेल्या कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरी सामन्यांसाठी पार पूर्वेपर्यंत जातात. फुटबॉलच्या पैशापायी त्यांचे वर्ग बुडतात, याचा फार राग येतो. फुटबॉल तेवढं बिग टेनमध्ये ठेवा, बाकीचे खेळ पश्चिमेतच होऊ द्या.