अंगण खरंच वाकडं असेल तर

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. नव्या घराच्या हॉलने त्याचं सगळं उट्टं एकदम काढलं.

घर बघायला गेलो तेव्हा हॉल रिकामा होता, आणि रिकाम्या हॉलइतकी थापाडी वस्तू जगात दुसरी नसेल. लांबी 28 फूट. "केवढी मोकळी जागा!" म्हणून आम्ही भारावलो. रुंदी जेमतेम पावणेअकरा फूट आहे, हे सामान आल्यावर कळलं. मुलीने आत पाऊल टाकताच विचारलं, "बाबा, आपला बर्थ कुठला?" शिवाय साधारण मध्यावर एक खांब. आणि पाच दरवाजे. भिंत जरा कुठे सुरू होतेय म्हणावं, तर दार येतं. सोफा टेकवायला सलग भिंत अशी एकच, डावीकडची लांब. तिला आम्ही शहाणी भिंत म्हणू लागलो.

पहिला प्रयोग सगळेच करतात तोच केला. जे जे आहे ते ते भिंतीला चिकटवलं. मधे एवढी मोकळी जागा उरली की बसलेली माणसं तपासणीला नंबर लावून आल्यासारखी दिसू लागली. टीव्ही टोकाच्या भिंतीवर, आम्ही दुसऱ्या टोकाला. 55 इंची टीव्ही साधारण सहा-सात फुटांवरून बघावा म्हणतात. आम्ही वीस फुटांवरून नुसते आवाजावरून अंदाज बांधायचो. सतरंजी मधोमध अंथरली, ती मैदानात वाळत घातलेल्या रुमालासारखी दिसली.

मग मी अभ्यासाला लागलो. घरात या गोष्टीची धास्ती आहे. सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फूट, ये-जा करायची वाट अडीच-तीन फूट, समोरासमोर बसणाऱ्यांत आठ फुटांहून जास्त अंतर नको, सतरंजी एवढी मोठी की सोफ्याचे निदान पुढचे पाय तिच्यावर यावेत. लांबट खोलीला एक खोली समजूच नये, तिच्या दोन करून टाकाव्यात, हा त्यातला मुख्य मंत्र. म्हणजे सोफा भिंतीपासून सोडवून आडवा टाकायचा आणि त्याच्या पाठीलाच भिंत मानायचं.

"म्हणजे दार उघडल्यावर येणाऱ्याला आपली पाठ दिसणार?" हिने विचारलं.

"सोफ्याची."

"अहो, सोफ्यावर आपणच असणार ना?"

आलेखाचा कागद आणला. एक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट. पुठ्ठ्याचा सोफा, पुठ्ठ्याच्या खुर्च्या, पुठ्ठ्याचं कपाट कापलं. दोन तास खपून मांडणी जमत आली आणि आईने आत येऊन पंखा लावला. सोफा कपाटाखाली मिळाला. एक खुर्ची अजून सापडलेली नाही.

म्हणून मग प्रत्यक्ष मापाने करायचं ठरवलं. वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून सोफ्याच्या आकाराची केली आणि जमिनीवर अंथरली. ही युक्ती खरोखर चांगली आहे. वजन न उचलता भांडता येतं. पण कागदाचा सोफा तीन आठवडे तिथेच राहिला. आम्ही त्याला वळसा घालून चालायला शिकलो. एकदा मी चुकून त्यावरून गेलो तर आई म्हणाली, "अरे, सोफ्यावर पाय काय देतोस!"

खरा सोफा पाच दारांपैकी नेमक्या चुकीच्या दारातून आला आणि बोळाच्या वळणावर अडकला. हमाल घाम पुसत होते तेव्हा मी त्यांना सांगितलं की हा प्रश्न गणितात प्रसिद्ध आहे. लिओ मोझर यांनी तो 1966 मध्ये मांडला: एक मीटर रुंदीच्या काटकोनी बोळातून वळू शकेल असा मोठ्यात मोठा सोफा केवढा? 1992 मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी सुमारे 2.2195 चौरस मीटरचा एक आकार काढला, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा. त्याहून मोठा होऊच शकत नाही, अशी शंभरावर पानांची सिद्धता जिनॉन बेक यांनी 2024 मध्ये मांडली. हमालांनी शांतपणे ऐकून घेतलं, सोफ्याचे पाय काढले, तो उभा केला आणि आत नेला. गणितातला सोफा उचलायची परवानगी नसते, हे मला तेव्हा सांगायचं होतं, पण कोणी थांबलं नाही.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. अर्ध्या भागात मी 2700 केल्विनचे पिवळसर दिवे लावले, अर्ध्यात जुने 6500 चे पांढरेफटक राहिले. त्यामुळे आमच्याकडे खांबाच्या अलीकडे संध्याकाळ आणि पलीकडे शस्त्रक्रिया, असं बरेच दिवस चाललं.

खरी कुरापत टोकाच्या कोपऱ्याने काढली. दोन फूट खोलीचं कपाट शहाण्या भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात सरकवलं, तर टोकाच्या भिंतीशी मागे बरोबर टेकलं आणि पुढे पावणेदोन इंच फट. त्या फटीत पहिल्याच आठवड्यात एक कंगवा, दोन पेनं आणि चष्म्याची काडी गेली. मला संशय आला. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट मोजले, दुसरीवर चार. काटकोन असेल तर दोन खुणांमधलं अंतर पाच फूट यायला हवं. आलं पाच फूट दोन इंच. म्हणजे कोन चौऱ्याण्णव अंशांचा! मला एवढा आनंद शाळेतही पायथागोरसने दिला नव्हता. सगळ्यांना बोलावून टेप दाखवली. अंगण खरंच वाकडं होतं. टोकाची भिंत दोषी ठरली, तिला शिक्षा म्हणून गडद रंग दिला (तसाही टोकाला गडद रंग दिला की लांबट खोली आखूड भासते), आणि सोफा, सतरंजी, टीव्ही, चित्रं, सगळं शहाण्या भिंतीला काटकोनात धरून लावलं. चार महिने त्यात गेले.

काल फट बंद करायला सुतार आला. त्याने कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेप घेऊन खोलीची रुंदी एका टोकाला मोजली, मग चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथेही मोजली.

"इकडे पावणेअकरा, तिकडे पावणेतेरा," तो म्हणाला. "तुम्ही दोन्हीकडे मोजली होती ना, दादा?"

मी गप्प. रुंदी काय, एकदाच मोजायची असते, अशी माझी समजूत होती.

"ती गडद भिंत सरळ आहे. ही लांब भिंत तिरकी गेलीये. आणि तुम्ही सगळं हिलाच धरून लावलंय."

ही काही बोलली नाही. मुलगी काही बोलली नाही. आईने फक्त सतरंजीकडे पाहिलं, मग मान किंचित तिरकी करून पुन्हा पाहिलं.

मी कपाटावरून आलेखाचा कागद काढला आणि आधी पंखा बंद केला.