इमर्जन्सी म्हणजे नेमकी कधीची?

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात एकमताने ठरलं की इमर्जन्सीसाठी एक पॉवर बँक घेऊन ठेवायची. एकमत झालं कारण इमर्जन्सी म्हणजे काय हे तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. ते विचारलं आमच्या भाच्याने, इंजिनिअरिंगला आहे तो, आणि मग घरात जे सुरू झालं ते काय सांगू.

ह्यांची इमर्जन्सी विमानातली. वर्षातून एखादवेळी ऑफिसच्या कामाला दिल्लीला जातात, पण पॉवर बँक विमानात नेता आली पाहिजे ही अट पहिली. लेकीची इमर्जन्सी म्हणजे इअरबड्स, घड्याळ आणि फोन एकाच वेळी मान टाकतात ती. माझी साधी आहे हो, रात्रीच्या ट्रेनमध्ये सॉकेटला फोन लावावा तर काही गाड्यांत ११ वाजता चार्जिंगची लाईनच बंद करतात ती पहाटे ५ पर्यंत, आणि सकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पैसे द्यायला फोन उघडावा तर स्क्रीन काळी. पर्समध्ये सुट्टे पैसे ठेवायची सवय गेलीये ना आता.

आणि चिपळूणला सासूबाई. खरं तर सगळा ठराव त्यांच्या नावावरच पास झालेला, कारण तिकडे जोराचा पाऊस आला की लाईट पहिली जाते. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "मला कशाला गो? माझा बटणांचा फोन चार दिवस चालतो." मी म्हणलं, आई, २०२१ च्या पुरात तुमच्याशी बोलणंच होत नव्हतं, आठवतंय ना? त्यावर शांतपणे, "अगो, तेव्हा फोन चालू होता माझा, टॉवर बंद होता. टॉवरला कोण लावणार तुझी ती बँक?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, भाच्याकडेही नव्हतं.

त्याच्याकडे बाकी सगळ्याची उत्तरं होती. मी आपली १०,००० एमएएचची (म्हणजे आत किती वीज मावते त्याचं माप) बघून खूश, माझा फोन ५,००० चा म्हणजे दोनदा भरेल, तर म्हणे मावशी असं नसतं. ते १०,००० आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टचे. फोनला द्यायला ते ५ व्होल्ट करावे लागतात, त्यात काही गरम होण्यात जातं, हातात येतात साधारण ६,००० च्या आसपास. म्हणजे ऑफर लेटरवर १०,००० आणि पीएफ कापून खात्यात ६,०००, एवढं एका झटक्यात कळलं मला. आणि हा खरा आकडा डब्यावर मागच्या बाजूला "रेटेड कपॅसिटी" म्हणून इतक्या बारीक अक्षरात असतो की चष्मा काढून, परत घालून, शेवटी फोटो काढून मोठा करून वाचला. तेवढ्यात फोन ९ टक्के.

मग २०,००० ची घेऊ म्हणलं. विमानाच्या अटीत बसते ती, कारण तिथे वॅट-अवर, म्हणजे आत एकूण ऊर्जा किती ते, बघतात, विनापरवानगी १०० पर्यंत, आणि ही ७४ ची. फक्त हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनला टाकायची नाही, हे ह्यांना लिहूनच दिलं. पण वजन? दुकानात हातात घेतली तर पाव किलोच्या बरीच वर. माझ्या पर्समध्ये आधीच छत्री, डबा, पाण्याची बाटली, त्यात ही वीट टाकली तर पुढची इमर्जन्सी खांद्याची.

फूटपाथवर तर एकाने ५०,००० ची दाखवली, ताई घ्या, आठवडाभर बघायला नको. आणि वजनाला अगदी फूल! भाचा माझ्या कानात कुजबुजला की ५०,००० खरंच असतील तर ही किलोभर तरी भरायला हवी आणि विमानात तर हिला कोणी घेणारच नाही. मग बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि त्याखालचा "आर" ने सुरू होणारा नंबर शोधायला लागला, तो सरकारी बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. त्या माणसाने आमच्या हातातून ती बँक हळूच काढून घेतली आणि म्हणाला, कव्हर बघा, फोनची कव्हरं मस्त आहेत.

शेवटी बऱ्या दुकानातून १०,००० चीच आणली. लेकीने लगेच इअरबड्स लावले तर थोड्या वेळात बंद, कारण एवढीशी वीज ओढणारी वस्तू असली की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही लावलेलंच नाही. मग माहितीपत्रक वाचून कळलं की बटण दोनदा दाबलं की छोट्या वस्तूंसाठीचा मोड चालू होतो. बटण दाबलं, चाललं. माझा पावसाळा सुरू झाला म्हणायचा.

काल सोफ्यावर लेक पडलेली, फोनला पॉवर बँक लावलेली, घरात लाईट अगदी झकास चालू. मी म्हणलं अगं, ती इमर्जन्सीसाठी आहे ना? म्हणाली, "आई, सॉकेट बघ किती लांब आहे." आणि तेवढ्यात हे पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, तरी मी म्हणत होतो २०,००० ची घेऊ.