आत्ताच बसले होते ते

काल पुन्हा आपल्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न. हिवाळ्यात डब्लिनमध्ये मुलांना घेऊन जायचं कुठे? चार-साडेचारला अंधार, वर पाऊस. मी बुल आयलंड हे इथल्या किनाऱ्यालगतचं, पक्ष्यांसाठी राखीव बेट सुचवलं, तर उत्तर आलं, "तिथे आहे काय? नुसता चिखल!"

चिखलच आहे. शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला ताटकळलेल्या मुंबईकरांना तरी चिखलाची थोरवी सांगायला लागू नये.

मुळात ते बेट दोनशे वर्षांपूर्वी नव्हतंच. बंदराच्या तोंडाशी गाळ साचून जहाजं अडकायची, म्हणून समुद्रात नॉर्थ बुल वॉल नावाची भिंत घातली. १८२५ च्या सुमारास ती पुरी झाली आणि तिच्या आड वाळू साचत साचत पाच किलोमीटर लांब बेट तयार झालं. १९३१ पासून ते पक्ष्यांसाठी राखीव आहे. रहेनी स्टेशनवरून मी चालत जाते. खाडीपलीकडे पूलबेगच्या दोन चिमण्या दिसतात (वीजकेंद्राच्या, उडणाऱ्या नव्हेत).

जाताना घड्याळापेक्षा भरतीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला पक्षी चिखलभर पांगतात, नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी कॉजवेवर (बेटाकडे जाणाऱ्या भरावाच्या रस्त्यावर) उभं राहिलात, तर चढतं पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. आइसलँडहून आलेले गॉडविट, लांब चोचीचे पाणपक्षी, डोळ्यांपर्यंत चोच चिखलात खुपसतात. कर्ल्यू या दुसऱ्या पाणपक्ष्याची बाकदार चोच तर दुर्बिणीशिवायही ओळखू येते. हिवाळ्यात इथे बरेच कर्ल्यू दिसतात, पण ते बहुतेक पाहुणे. आयर्लंडमध्ये घरटी करणाऱ्या जोड्या आता शंभराच्या आसपास उरल्यात. कर्ल्यूची ती लांबत जाणारी शीळ ऐकताना हे आठवलं की कसंसंच होतं.

माझा जीव मात्र ब्रेंट गीजवर, म्हणजे छोट्या रानहंसांवर. काळं डोकं, काळी मान, मानेवर पांढरा डाग, वजन जेमतेम दीड किलो. कॅनडाच्या आर्क्टिकमधून ग्रीनलँडचा बर्फ ओलांडून, आइसलँडला पोट भरून हे इथे येतात. सुमारे ४,००० किलोमीटर! आधी खाडीतलं ईलग्रास (पाण्यातलं गवत) खातात. ते संपत आलं की शहरातल्या बागांमध्ये, फुटबॉलच्या मैदानांवर उतरतात. आणि मग आपल्यातलेच काही पालक कुरकुरतात, मुलांच्या बुटांना शी लागते म्हणून. अहो, लागू दे. नळाखाली धुतली की जाते. त्यांना मात्र जानेवारीत दुसरं ताट कुणी वाढून ठेवलेलं नाही. सेंट अ‍ॅन्स पार्कशेजारच्या मैदानांवर घरं बांधण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला, त्यातही हे गीज मध्ये होतेच. घरांची टंचाई मलाही कळते, माझंही भाडं दर वर्षी वाढतंय. तरी त्या वादात मी गीजच्या बाजूने.

आता माझाच गुन्हा सांगते. इथल्या पहिल्या हिवाळ्यात आमचा चार वर्षांचा मुलगा किनाऱ्यावरच्या थव्यात आरोळी ठोकत घुसला. दोनेकशे पक्षी एकदम उठले. मी पुढे होऊन त्याला अडवायचं सोडून मोबाइल काढला. व्हिडिओ झकास आला, पुण्याला आजीनेही चार जणींना दाखवला. शेजारी टेलिस्कोप लावून एक आजोबा उभे होते. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. म्हणाले, "आत्ताच बसले होते ते." आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

चार शिव्या परवडल्या असत्या.

भरतीला खाणं पाण्याखाली गेलेलं असतं, तेव्हा अंगातली ऊब जपत बसणं हेच त्यांचं काम. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. एक मोकळा सोडलेला कुत्रा, मग एक पतंग, मग माझ्यासारखी रीलवाली आई... दिवसभर हेच. बहिरी ससाण्याने उठवलं तर ठीक, त्याचं पोट त्यावर आहे. आपलं काय अडलंय? कुत्रा फिरवा, पण पट्टा हातात ठेवा. फोटो लांबूनच काढा, धूसर येईना का.

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. गीजच्या पिल्लांच्या पंखांवर पहिल्या हिवाळ्यात पांढऱ्या रेघा असतात, त्यावरून पिल्लं मोजता येतात. तो तेच करतो. कुटुंबं हिवाळाभर एकत्रच चरतात. गेल्या रविवारी एका जोडीमागे तीन रेघावाले मोजले आणि पुढच्या जोडीमागे एकही नाही. "यांची कुठे गेली?" त्याने विचारलं. मी थर्मासमधला चहा ओतला आणि दुर्बीण त्याच्याकडेच राहू दिली.