पोदेस्ता आणि प्रशासक

महाराष्ट्रातल्या महापालिकांची मतदानं २०२६ च्या जानेवारीत उरकली आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुण्याच्या काकांनी लिहिलं, "आले परत नगरसेवक! त्यापेक्षा प्रशासक बरा होता." काका काही हुकूमशाहीचे भक्त नाहीत, खड्डे, टेंडरं आणि चौकाचौकांतले फ्लेक्स यांना विटलेला साधा माणूस. पण मी इटलीतल्या बोलोन्यात राहतो. निवडून न आलेल्या कारभाऱ्याचा या गावाला जुना अनुभव आहे.

इथे त्याला पोदेस्ता म्हणत. मूळ लॅटिन शब्द पोतेस्तास, म्हणजे सत्ता. रोममध्ये बापाची घरातली सत्ता पोतेस्तास आणि सामान्यांच्या कैवारी ट्रिब्यूनची सत्ताही पोतेस्तासच. स्पॅनिशमध्ये त्याचं पोतेस्ताद झालं. इंग्रजीतलं पॉवर जवळच्याच क्रियापदातून आलं. आपला 'पती'देखील त्याच कुळातला, संस्कृत 'पति' आणि लॅटिन 'पोतिस' यांचं मूळ एक. म्हणजे राष्ट्रपती आणि बायकोच्या खुर्चीत बसून सह्या ठोकणारा सरपंचपती, दोघेही सगोत्र! इटालियनांनी सत्तेचं नाव थेट सत्ताधाऱ्यालाच देऊन टाकलं. आपण राजालाच 'सरकार' म्हणायचो, तसंच.

मध्ययुगातला पोदेस्ता काकांना नक्की आवडला असता. गावातली बडी घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली, म्हणून शहरं कारभारी दुसऱ्या गावाहून आणत. तो आपले न्यायाधीश, कारकून, शिपाई बरोबर घेऊन यायचा. मुदत सहा महिने, फार तर वर्ष. स्थानिकांशी सोयरीक नको, त्यांच्याकडे जेवायला जाणं नको, असेही नियम असत. मुदत संपली तरी त्याला लगेच निघता येत नसे. त्याचे हिशेब आणि निवाडे तपासले जात, तक्रारी ऐकल्या जात, दोष सापडला तर दंड होई. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

१९२६ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने हेच नाव उकरून काढलं. आधी लहान गावांत, मग सगळीकडे निवडलेले महापौर आणि सभागृहं गेली आणि वरून नेमलेला पोदेस्ता आला, पाच वर्षांसाठी. बोलोन्याचा पहिला कोण, तर आर्पिनाती, इथल्याच फॅसिस्ट टोळ्यांचा म्होरक्या. नाव तेच, पण आता त्याला जाब विचारण्याचा हक्क गावाकडे उरला नव्हता. इथे पुन्हा पालिकेची निवडणूक व्हायला १९४६ उजाडलं.

महाराष्ट्रातल्या प्रशासकांना मी या रांगेत बसवत नाही. ते सनदी अधिकारी, आणि निवडणुका रखडल्या त्या ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यांत. पण मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तिथून जवळजवळ चार वर्षं आयुक्तानेच अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यानेच ते मंजूर करायचं, असं चाललं. माणसं बदलली, तीही मंत्रालयाच्या मर्जीने. तेराव्या शतकातल्या बोलोन्याने हे चालवून घेतलं नसतं.

भारतीय पासपोर्टमुळे मला इथल्या पालिकेत मत नाही. २०२४ मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! सभागृहात, वर्तमानपत्रांत, कॅफेत. शेजारी महापौराला शिव्या घालत होते आणि पुढच्या वेळी बघून घेऊ म्हणत होते. मला तेवढंही म्हणता येत नाही. सोय म्हणून मी ३० ने गाडी हाकतो. काकांना हव्या असलेल्या व्यवस्थेत नागरिकाची जागा साधारण माझ्यासारखी असते. रस्ते नीट, कचरा वेळेवर, आणि आपल्याला कोणी विचारत नाही.

नगरसेवक चोर असतात, हे काकांचं पालुपद. असतीलही. म्हणून मी त्यांना लिहिलंय की नव्या नगरसेवकाला आधी एवढंच करायला लावा: प्रशासकाच्या काळात आपल्या प्रभागात कोणत्या कामावर किती पैसा गेला, ते सभागृहात लेखी मागवा.