‘एक हितचिंतक’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर

आदरणीय हितचिंतक,

सासरच्या घराण्याच्या इतिहासावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. क्वेकर पंथाच्या ख्रिश्चनांच्या विवाहनोंदीतला ‘आठवा महिना’ मी ऑगस्ट धरला, ही चूक मान्य आहे. 1752 पूर्वी ते मार्चला पहिला महिना मानत, त्यामुळे तो ऑक्टोबर ठरतो. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

मात्र ‘सासरची धुणी चव्हाट्यावर धुण्याची सूनबाईंना एवढी हौस कशाला?’ हे वाक्य लिहिताना आपली लेखणी जरा अडखळायला हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या या घरात मी बावीस वर्षे नांदते आहे. मूळपुरुष 1682 मध्ये या वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्याबरोबर ‘वेलकम’ जहाजातून आला आणि पुढे त्याने हयातीतच आपले सगळे गुलाम मुक्त केले, ही कथा दर थँक्सगिव्हिंगला मी मान डोलावून ऐकली आहे. त्या जहाजाची मूळ प्रवासी यादी उपलब्ध नाही, म्हणून तर त्यात इतकी घराणी मावतात! या मूळपुरुषाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत मात्र पिसांची गादी आणि तांबडी गाय यांच्या मधोमध ‘एक निग्रो स्त्री’ किमतीसह नोंदलेली आहे, नाव नाही. ही यादी मी कोणाच्या कपाटातून चोरली नाही. सासूबाईंनीच पत्र्याचा डबा काढून ती माझ्यापुढे ठेवली आणि ‘मला अक्षर लागत नाही, तू वाच’ म्हणाल्या.

शिवाय माहेरची धुणी मी त्याआधीच धुतली आहेत. आमचा पूर्वज 1761 मध्ये पानिपतावर पडला, असे आजोबा अभिमानाने सांगत. मोडी शिकल्यावर घरच्याच जुन्या कागदपत्रांच्या रुमालात त्याच पूर्वजाने लिहून दिलेले शके 1689 चे, म्हणजे पानिपतानंतर सहा वर्षांनी घेतलेल्या कर्जाचे खत मला सापडले. आजोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मी कोणाची सूनबाई नव्हते.

उरलेल्या मुद्द्यांत फारसा दम नाही. ‘त्या काळी सारेच गुलाम ठेवत’ म्हणावे, तर पेनसिल्व्हेनियातल्याच जर्मनटाउनच्या क्वेकरांनी 1688 मध्येच गुलामगिरीचा लेखी निषेध केला होता (पंथाच्या वरच्या सभांनी तो बाजूला सारला, हे आपण म्हणण्याआधी मीच सांगते). ‘मुलाने तिला पुढे मुक्त केले असेल’, असे आपण म्हणता. असेल, मी मुलाविषयी लिहिलेले नाही.

यापुढे लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहावे, म्हणजे मलाही आपल्याला हितचिंतक म्हणावे लागणार नाही.